विचारल्याशिवाय गोष्ट टिपू नका : संयोजकांना एका कथाकथनकर्तीचे खुले पत्र

प्रति,
व्याख्यानमाला, सार्वजनिक ग्रंथालये, गणेशोत्सव मंडळे आणि शाळा यांचे कार्यक्रम ठरवणारे सर्व पदाधिकारी, शिक्षक आणि कार्यकर्ते यांस,

स. न. वि. वि.

गेली २२ वर्षं मी कथाकथन करते. दुसरी नोकरी नाही, शेती नाही. घर यावरच चालतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कार्यक्रम आटोपल्यावर रात्री अकराला मी पिठलं-भाकरी खाल्ली आहे. तुमच्या मुलांनी मला पहाटेच्या पहिल्या एसटीला गाडीवरून सोडलं आहे. या ओलाव्यामुळेच हे पत्र लिहायला मला चार महिने लागले. फोनवर बोलून, भेटून मिटेल असं वाटत होतं. मिटलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आधी काय झालं ते सांगते.

माझ्याकडे कोयनेच्या भूकंपाची एक गोष्ट आहे. ११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारच्या पुढे जमीन हलली, कोयनानगर आणि पाटण भागातली घरं पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. ही गोष्ट मी कुठल्या पुस्तकातून उचललेली नाही. पाटण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर मी दोन उन्हाळे फिरले आणि त्या पहाटे जाग्या झालेल्या बायकांशी बोलले. काही तेव्हा नुकत्या लग्न होऊन आलेल्या होत्या, काही परकरातल्या पोरी. त्यांनी जे सांगितलं ते मी एकात एक गुंफलं. अर्ध्या वाटेपर्यंत ऐकणारे हसतात, कारण अंधारात बाहेर पळताना ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं होतं. एकीच्या हातात सूप, एकीच्या हातात जात्याचा खुंटा, एकजण कोंबड्यांचा डालगा कवटाळून अंगणात उभी. उजाडायला लागल्यावर एकमेकींच्या हातात काय आहे ते बघून त्या स्वतःही हसल्या होत्या. हे त्यांनीच मला सांगितलं. मग माणसं मोजायला घेतात. आणि डालगा घेऊन उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या सुनेच्या ध्यानात येतं की आपल्या शेजारी झोपलेली आठ वर्षांची नणंद अंगणात नाही.

त्या सूनबाई आज पंचाहत्तरीला टेकल्या आहेत. ही आठवण त्यांनी मला एका अटीवर दिली होती. म्हणाल्या, "सांगायची तर सगळी सांग. नुसती कोंबड्यांची सांगू नको." मी शब्द दिला. त्यांचं नाव आजवर कुठेही घेतलं नाही, त्यांच्या वाडीचंही नाही.

गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत मी ही गोष्ट सांगितली. तिपाईवर कॅमेरा लावलेला दिसला म्हणून आधी विचारलं. "आमच्या दप्तरी असावं म्हणून," असं उत्तर मिळालं. तीन आठवड्यांनी एका ओळखीच्या बाईंनी मला दुवा पाठवला. यूट्यूबवर १४ मिनिटांचा तुकडा होता आणि वर मथळा, 'भूकंपात सून कोंबड्या घेऊन पळाली'. जिथे सभागृह खळखळून हसलं तिथे तो संपत होता. पुढचा अर्धा तास कापलेला. मुंबईला नोकरीला असलेल्या नातवाने तो पाहिला आणि सुटीला घरी आल्यावर करमणूक म्हणून आजीला दाखवला. ती सून म्हणजे आपलीच आजी, हे त्याला ठाऊक नव्हतं. आजींनी मला फोन केला. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बाई, तू सगळी सांगणार होतीस ना?"

त्या दिवसापासून ती गोष्ट मी कुठेही सांगितलेली नाही.

संयोजकांना मी फोन केला, मग पत्र पाठवलं. "ताई, तुमचीच प्रसिद्धी होते आहे, चाळीस हजार लोकांनी पाहिलं," असा निरोप आला. तो तुकडा आजही तिथेच आहे. त्या संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ही सवय एका संस्थेची राहिलेली नाही. माझ्यासोबतच्या बहुतेक कथाकथनकारांच्या आणि कीर्तनकारांच्या गाठीशी असा अनुभव आहे.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की आम्हाला न विचारता आमचे कार्यक्रम टिपले जातात, कापले जातात आणि जगासमोर टाकले जातात. अनेकांना मनापासून वाटतं की कार्यक्रम आपण ठेवला, सभागृहाचं भाडं आपण भरलं, तर चित्रीकरणही आपलंच. कायदा तसं मानत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि कला सादर करणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क मिळाला. सादर करणारा कोण, याची यादी कायद्यात आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरती करणारा, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा, आणि व्याख्यान देणारी व्यक्तीही. गारुड्याला मिळालेला हक्क गोष्ट सांगणाऱ्या बाईला नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही. हा हक्क ५० वर्षं टिकतो. संमतीशिवाय चित्रीकरण करणं, त्याच्या प्रती काढणं, ते लोकांपर्यंत पोचवणं, या सगळ्याला तो लागू आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली: सादरीकरणाला आपलं नाव लागलं पाहिजे आणि आपल्या लौकिकाला धक्का बसेल अशी त्याची मोडतोड होता कामा नये, असं म्हणायचा अधिकार. हशापाशी कापलेली भूकंपाची गोष्ट ही मोडतोड नसेल तर मोडतोड कशाला म्हणायचं?

एखाद्या नातवाने घरी खाटेवर असलेल्या आजोबांना ऐकवायला पाच मिनिटं मोबाइलवर टिपली, तर त्याला कायदाही अडवत नाही आणि मीही अडवणार नाही. अशा वेळी मी उलट त्याला पुढच्या रांगेत बसवलं आहे.

चित्रीकरणाचा पोटावर काय परिणाम होतो, हेही तुम्हाला कळावं. एक पूर्ण लांबीची गोष्ट बसायला मला सहा ते आठ महिने लागतात. लिहून होते महिन्याभरात, पण ती तोंडात बसत नाही. पहिले पाच-सात कार्यक्रम ती लोकांसमोर चाचपडत असते. कुठलं वाक्य जड होतं, कुठे माणसं पुढे सरकतात, कुठे खोकला सुरू होतो, हे बघत बघत ती घडते. २२ वर्षांत माझ्याकडे अशा पूर्ण लांबीच्या नऊ गोष्टी झाल्या आहेत. नऊच. एकेक गोष्ट मी आठ-दहा वर्षं वेगवेगळ्या गावांत सांगत राहते, तेव्हा तिच्या घडणीचे महिने भरून निघतात. तो तुकडा फिरायला लागल्यावर जानेवारीतल्या दोन तारखा रद्द झाल्या. दोन्हीकडून एकच कारण आलं: "ती आमच्याकडे सगळ्यांनी पाहिली." त्यांनी जे पाहिलं ती गोष्ट नव्हतीच, पण हे त्यांना कसं कळावं?

लीळाचरित्राची आठवण मला इथे येते. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभट त्यांच्या सहवासातल्या माणसांना शोधत हिंडले, ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून ऐकून घेतलं. मराठी गद्याचा आरंभच असा दुसऱ्याच्या आठवणी जपून ऐकण्यातून झाला. पाटणच्या वाड्यांवर फिरताना मला त्याचा आधार वाटायचा. ज्याने आठवण दिली त्याच्याशी इमान राखायचं, ही शिस्त आपल्या भाषेत सातशे वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि ती कॅमेरा धरणाऱ्यालाही लागू आहे असं मी मानते.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आनंद मलाही झाला. त्यानंतरच्या वर्षभरात अभिजात मराठीच्या कार्यक्रमांसाठी मला सात निमंत्रणं आली. त्यातल्या पाच ठिकाणी मानधन नव्हतं.

मानधनाबद्दल बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. मलाही वाटत आला आहे. मंडपवाल्याचा दर आधी ठरतो, ध्वनिक्षेपकवाल्याला विसार मिळतो, हारवाल्याचा हिशेब त्याच रात्री होतो. माझ्याशी मात्र, "ताई, तुमचं बघू काहीतरी," इतकंच बोलणं होतं आणि शेवटी बंद पाकीट हातात येतं. त्यात किती आहे ते मला परतीच्या गाडीत कळतं. कधी तीन हजार असतात, कधी पाचशे. पाचशेच्या पाकिटासोबतही शाल, श्रीफळ आणि भलंमोठं स्मृतिचिन्ह असतं, म्हणजे संस्थेचे पैसे खर्च झालेले असतातच. त्या शाली मी जवळच्या वृद्धाश्रमात देते. स्मृतिचिन्हांचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. तेव्हापासून मला तीन ठिकाणी ऐकावं लागलं की, "तुम्हाला आता अर्धंच तिकीट, मग प्रवासखर्च कशाला?" ही सवलत बाईला घराबाहेर पडणं सोपं जावं म्हणून राज्याने दिली आहे. ती तिच्या मानधनातून वळती करून घेऊ नका. रात्रीच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या बाईला मुक्कामाला कडी लागणारी खोली लागते, हेही आधी विचारलं जात नाही. आदल्या दिवशीच्या पुरुष वक्त्याला चारचाकी आणि लॉज, मला कार्यकर्त्याच्या घरची पुढची खोली, असं एकाच मालेत झालेलं आहे. त्या घरातल्या माणसांनी माझं फार मायेने केलं. त्यांच्याविषयी तक्रार नाही. ठरवणाऱ्यांविषयी आहे.

वेळेबद्दल थोडक्यात. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन केलं आणि नुसती गोष्ट ऐकायला माणसं येऊन बसू शकतात हे दाखवून दिलं. आजही बसतात. पण पत्रिकेत साडेसहा लिहिलेलं असतं, आणि दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत, देणगीदारांचे सत्कार होईतो सव्वाआठ वाजतात. लहान पोरं घेऊन आलेल्या बाया तोवर उठून गेलेल्या असतात. मग कानाशी येऊन कुणी सांगतं, "चाळीस मिनिटांत बसवा." सव्वा तासाची गोष्ट चाळीस मिनिटांत बसत नाही. कुठला अवयव कापायचा ते मला तिथे उभ्या उभ्या ठरवावं लागतं. सत्कार महत्त्वाचे असतील तर गोष्टीनंतर करा, एवढंच म्हणणं आहे.

आता दिव्यांचं. ही तक्रार ऐकून संयोजक चकित होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अलीकडे सभागृहात कार्यक्रम सुरू झाला की प्रेक्षकांवरचे सगळे दिवे घालवतात आणि मंचावर दोन प्रखर झोत सोडतात. नाटकाला हे चालतं, कारण नटाने समोर बघायचं नसतं. मला समोर बघायचं असतं. माझं अर्धं काम डोळ्यांनी चालतं. भूकंपाच्या गोष्टीत, "अंगणात ती दिसेना," या वाक्यानंतर मी थांबते. किती थांबायचं हे मी घरी ठरवत नाही. तिसऱ्या रांगेतल्या एखाद्या बाईचा हात तोंडावर जातो, कुणी नवऱ्याकडे बघतं, कुणी मान खाली घालतं, आणि मग सभागृहच मला सांगतं की आता बोल. एका गावात हे थांबणं दोन श्वासांचं असतं, दुसऱ्या गावात दहा श्वासांचं. ज्या गावात भूकंप पाहिलेली माणसं समोर बसलेली असतात तिथे मी कधी कधी पुढचं वाक्य गाळूनच टाकते, कारण ते त्यांना ठाऊक असतं. डोळ्यांपुढे काळोख असेल तर मी भिंतीला गोष्ट सांगत असते. पाठ केलेलं म्हणून दाखवते आणि घरी येते. तुम्ही टाळ्या वाजवता, पण मला कळलेलं असतं की आज ते झालं नाही.

याचसाठी मला चौथऱ्याला बांधलेला माइक नको असतो. गोष्टीतला म्हातारा बसतो तेव्हा मी बसते, पोरगी पळते तेव्हा दोन पावलं मीही जाते. कॉलरला लावायचा माइक बहुतेक ध्वनिक्षेपकवाल्यांकडे असतो; आधी सांगितलं नाही म्हणून तो गोदामात राहतो. आवाज घुमवायचं बटण मात्र सगळीकडे चालू असतं. ते बंद करायला सांगा. घुमणाऱ्या आवाजात कुजबुज ऐकू येत नाही, आणि माझ्या निम्म्या गोष्टी कुजबुजीत आहेत.

शाळांना स्वतंत्र लिहायला हवं. साने गुरुजींच्या नावाने चाललेल्या कथामालेने मुलांना गोष्टी सांगायची वाट घालून दिली, त्या वाटेवर माझ्यासारख्या अनेकांनी पाऊल ठेवलं. आज शाळा बोलावतात तेव्हा पहिली ते दहावी सगळी मुलं एकदम मैदानात बसवतात. एकदा ६०० मुलं होती, अकराचं ऊन होतं. पहिलीतलं पोर आणि दहावीतली पोरगी यांना एकच गोष्ट पुरत नाही. मागच्या रांगा बोलायला लागतात, मग शिक्षक छडी घेऊन फिरतात. छडीच्या धाकाने गप्प बसलेल्या मुलाला गोष्ट ऐकू येत नाही हो. आणि गोष्ट संपल्याबरोबर माइक घेऊन, "तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?" असं विचारू नका. मी हात जोडून सांगते. माझ्या डोळ्यांदेखत मुलांचे चेहरे मिटतात. त्यांना ती गोष्ट घरी न्यायची असते, बहिणीला चुकीची सांगायची असते, झोपताना तिच्यात स्वतःला घालायचं असतं. तेवढी सवड त्यांना द्या.

एकदा एका कार्यक्रमात "जरा शुद्ध भाषेत सांगता का?" अशी चिठ्ठी मंचावर आली होती. पाटणच्या आजी पुस्तकी मराठीत रडल्या नव्हत्या. त्यावर याहून अधिक मला लिहायचं नाही.

आमच्या बाजूचीही एक चूक कबूल करते, कारण ती लपवून हे पत्र लिहिणं बरं नाही. आमच्यातले पुष्कळजण दुसऱ्या लेखकांच्या कथा सांगतात. लेखक जाऊन ६० वर्षं होईपर्यंत त्याच्या लेखनावर त्याच्या वारसांचा हक्क असतो. तरी परवानगी घेतली जात नाही, आणि कधी तर लेखकाचं नावही घेतलं जात नाही. सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत मीही परवानगीवाचून सांगितल्या आहेत. नंतर एका दिवंगत लेखकाच्या मुलीला पत्र लिहून माफी मागितली, परवानगीही मागितली. त्यांनी ती दिली. फलकावर मूळ लेखकाचं नाव माझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात असावं, असा आग्रह मी तेव्हापासून धरते. संयोजकांनीही तो धरला तर आमच्यातल्या कुणाला कुचराई करता येणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कार्यक्रमाचं चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण करायचं असेल तर तारीख ठरतानाच विचारा आणि लेखी संमती घ्या. ते कुठे, किती आणि किती काळ दाखवणार, हेही त्यात लिहा. कापलेला तुकडा टाकायचा असेल तर तो आधी आम्हाला दाखवा. कलाकाराने काढायला सांगितलं तर आठ दिवसांत काढा.

मानधन आणि प्रवासखर्च निमंत्रणाच्या पत्रातच आकड्यात लिहा आणि कार्यक्रमाच्या आठवड्यातच खात्यात जमा करा. संस्थेकडे पैसे नसतील तर तसं सरळ कळवा. वर्षातून सहा कार्यक्रम मी बिनपैशांचे करते, लहान गावांतल्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयांसाठी, आणि यापुढेही करीन. पण कुठले सहा ते मला ठरवू द्या.

छापलेल्या वेळेनंतर फार तर पंधरा मिनिटांत गोष्ट सुरू व्हावी. प्रेक्षकांवरचे दिवे चालू राहावेत. शाळेत एका वेळी शंभराच्या आत मुलं असावीत, सावलीत, वयाप्रमाणे गट करून. बाई कलाकार असेल तर मुक्कामाची सोय तिला विचारून ठरवावी.

येत्या गणेशोत्सवापासून हे सगळं लिहिलेला एक कागद मी प्रत्येक निमंत्रणाच्या उत्तरात पाठवणार आहे. तो सही होऊन आला की तारीख पक्की. काही तारखा हातच्या जातील, हे धरून चालले आहे. माझ्याबरोबरीच्या कथाकथनकारांना, कीर्तनकारांना आणि एकपात्री करणाऱ्यांना हा कागद हवा असेल तर त्यांनी खुशाल घ्यावा आणि स्वतःच्या सोयीने बदलावा.

आणि ज्या संस्थेने तो १४ मिनिटांचा तुकडा टाकला आहे, त्यांना शेवटची विनंती. आपण कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. मला भरपाई नको, जाहीर माफीही नको. तो तुकडा काढा आणि काढल्यावर मला एक निरोप द्या. त्या आजींना फोन करणं मला बरं वाटत नाही. मला त्यांच्या वाडीवर जाऊन, समोर बसून सांगायचं आहे.

आपली,
एक कथाकथनकर्ती
कराड, जि. सातारा